पुढे जायला एकच गिअर

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे आणि मला राग आलेला आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की म्हातारी उगाच चिडचिड करते. पिंपळगाव राजाच्या बाहेर, किसनरावांच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एका निंबाखाली मी उभी असते. माझ्या दारावर कोणीतरी खडूने 'उलटी गाडी' असं लिहून जातं. पाऊस आला की ते धुऊन निघतं, ऊन पडलं की पुन्हा लिहिलं जातं. अक्षर दर वेळी निराळं असतं, म्हणजे हे एकाचं काम नाही. आज मी तुम्हांला माझी सगळी हकिगत सांगते. ऐकून झाल्यावर ज्याला लिहायचं असेल त्याने खुशाल लिहावं.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. खामगावात कापूस खरेदीला आलेल्या एका गोऱ्या साहेबाने मला बोटीने मुंबईला आणि तिथून वऱ्हाडात आणलं. त्या वेळी इथे दिसणाऱ्या बाकी मोटारींना त्यांची मागची चाकं ढकलायची. मला माझी पुढची चाकं ओढायची. आता तुम्हीच सांगा, बैल गाडीच्या पुढे जुंपतात की मागे? मग शहाणी मोटार कोण? माझी आणखी एक तऱ्हा होती. माझा गिअरचा दांडा ड्रायव्हरच्या पायाशी नव्हता. तो समोरच्या फळीतून हाताशी बाहेर आलेला होता आणि त्याच्याखाली एक पितळी पट्टी होती. पुढे जायचे तीन गिअर कुठे आणि मागे जायचा एक कुठे, ते त्या पट्टीवर कोरलेलं होतं. खिडकीतून डोकावणाऱ्यालाही दिसावं, इतकं स्वच्छ.

साहेब मायदेशी परतला आणि मला भगवंतरावांनी घेतलं. खामगावात त्यांचं कापसातून सरकी काढायचं जिन होतं. माझे सुखाचे दिवस ते. पावसाळ्यात काळी माती फुगली की इतर मोटारी चिखलात बसून राहायच्या आणि त्यांना काढायला बैल आणावे लागायचे. मी मात्र पुढची चाकं रोवून स्वतःला ओढून काढायची. लोक थांबून बघायचे. भगवंतराव मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "गाडी नाही, हत्तीण आहे!" आणि माझी छाती फुगायची.

पण मला चालवायचा कोण? किसनराव. माझ्या प्रत्येक आवाजाचा अर्थ त्यांना कळायचा. मी खोकले तर ते थांबायचे, तापले तर सावलीत लावायचे. आणि दसऱ्याला काय व्हायचं? वाड्याच्या अंगणात माझी पूजा व्हायची, झेंडूची माळ घालायचे, माझ्या चाकाशी नारळ फुटायचा, आणि किसनराव फाटकाबाहेर उभे असायचे. त्यांच्या हातचं माझं चाक चालायचं, नारळ चालायचा नाही. मला तेव्हाच संताप यायचा. पण मोटारीला संतापून करता काय येतं? हॉर्नसुद्धा दुसऱ्याने दाबावा लागतो.

मग तो बोथ्याच्या घाटाचा दिवस उगवला. भगवंतरावांना बुलढाण्याला जायची घाई होती. किसनरावांनी निघतानाच माझं झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाले, "मालक, इंजनातलं तेल खाली गेलं. टाकून घेतो."

"येताना पाहू. उशीर होऊन राह्यला."

"घाट आहे, मालक. जळंन ते."

"चालव म्हटलं नं!"

अर्ध्या घाटात माझं इंजिन जळलं. आतून असा करकर आवाज आला की आजही आठवला तर माझे पत्रे थरथरतात. तेल मालकाने घालू दिलं नाही, आणि बोल कोणाला लागले? ड्रायव्हरला! "माझी हत्तीण मारली यानं," असं भगवंतराव गावभर सांगत सुटले. किसनरावांची नोकरी गेली. ते ट्रकवर जाऊ लागले. माझ्या इंजिनाचे सुटे भाग बाहेरदेशातून यायचे, ते आता येत नव्हते. म्हणून इंजिन काढून भंगारवाल्याला दिलं आणि मला जिनामागे सरकीच्या ढिगाशेजारी ढकलून ठेवलं. माझ्या मऊ गादीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. ज्या गादीवर बसायला कलेक्टरच्या कचेरीतली माणसं आतुर असायची, त्या गादीवर!

किती वर्षं गेली ते मी मोजलं नाही. महाराष्ट्र राज्य नवीन नवीन झालं होतं, जिनावर रोषणाई झाली होती, एवढं आठवतं. त्यानंतर कधीतरी एका सकाळी बैलजोडी घेऊन किसनराव आले. त्यांनी मला भंगाराच्या भावात विकत घेतलं. बैलांना दोर बांधला आणि ते मला ओढत खामगावहून पिंपळगावच्या रस्त्याने निघाले. ज्या मोटारीने चिखलातून स्वतःला ओढून काढलं, तिला बैल ओढत होते. लाज वाटली, पण रागावले नाही. हात ओळखीचा होता.

किसनरावांनी मला का घेतलं, ते ऐका. त्यांचा धाकटा भाऊ भाऊराव शिकून शाळेत मास्तर झाला होता. त्याचं लग्न ठरलं होतं मामाच्या मुलीशी, सिंधूशी. म्हणजे नवरीचं गाव तेच त्यांच्या आईचं, जनकाबाईंचं माहेर. त्या गावाचं नाव मी घेणार नाही. तिथल्या आजच्या मुलांनी उगाच मान खाली का घालावी?

जनकाबाईंचं स्वतःचं लग्न झालं, तेव्हा त्यांच्या नवऱ्याची वरात त्या गावाच्या वेशीत अडवली होती. ही माणसं तेव्हा अस्पृश्य मानली जात. गावाच्या मधल्या रस्त्याने त्यांची वरात जायची नाही, असा दंडक होता. नवरदेवाला दमणीतून, त्या छोट्या बैलगाडीतून, उतरवलं, वहाणा हातात घ्यायला लावल्या आणि काट्याकुट्यातून, नाल्याच्या वाटेने वस्तीकडे नेलं. पुढे देशात कायदा झाला, या लोकांनी बौद्ध धम्म घेतला, कितीतरी गोष्टी बदलल्या. पण त्या गावातली वरात अजून नाल्यानेच जात होती. कोणी अडवायचं नाही, कारण कोणी मधल्या रस्त्याने जातच नव्हतं.

"माया लेकाची वरात मधल्या रस्त्यानं जाईन," जनकाबाई म्हणाल्या होत्या. "नाल्यानं जायाची असंन तं मी येत नाही. तुमीच जा."

"मोटारीतून नेतो माय तुले," किसनरावांनी कबूल केलं. "त्याच रस्त्यानं."

आता मोटार आली, पण इंजिन? किसनरावांनी मोडीत निघालेल्या एका लहान ट्रकचं इंजिन मिळवलं आणि मला रंगराव मिस्त्रींच्या पुढ्यात उभं केलं. रंगरावांचं आयुष्य जिनातली आणि पिठाच्या गिरणीतली इंजिनं बसवण्यात गेलं होतं. हात सोन्याचा, आणि तोंडावर ताबा अजिबात नाही. त्यांनी इंजिनामागची माझी पत्र्याची भिंत कापली, जिनातल्या जुन्या पत्र्याची जाड चकती घडवून ते परकं इंजिन माझ्या गिअरपेटीला जोडलं. नवं हृदय बसत असताना मला दुखलं, पण आनंदही झाला. कोंबड्या तरी गेल्या!

पण रंगरावांनी एक गोष्ट पाहिली नाही. माझं जुनं इंजिन ज्या अंगाला फिरायचं, त्याच्या बरोबर उलट्या अंगाला हे फिरत होतं. किसनरावांना शंका आली होती. त्यांनी विचारलंही.

"फिरते नं? मंग झालं," रंगराव म्हणाले. "कोनत्या अंगानं फिरते ते कायले पाह्यतं?"

मित्रांनो, हे बोलणं अडाणीपणाचं नव्हतं, सवयीचं होतं. जिनात इंजिन आणि यंत्र यांच्यामध्ये लांबलचक पट्टा असतो. इंजिन उलटं फिरत असेल तर तो पट्टा फुलीसारखा तिरपा घालायचा, की यंत्र सरळ फिरतं. इतकं सोपं. दिशेची काळजी रंगरावांना जन्मात कधी करावी लागली नव्हती. पण माझ्या पोटात पट्टा कुठे होता?

पहिल्या दिवशी किसनरावांनी मला चालू केलं. गल्ली गोळा झाली होती. त्यांनी पहिला गिअर टाकला आणि मी झपकन मागे जाऊन शेजारच्या गीताबाईंच्या कडब्याच्या गंजीत घुसले. दुसरा टाकला, आणखी मागे. तिसऱ्याला तर भलत्याच वेगाने मागे. शेवटी मागचा गिअर टाकला, तेव्हा मी हळूहळू, कण्हत, पुढे निघाले.

लोक हसून हसून लोळले. "अबे, उलटी गाडी! उलटी गाडी!" हे नाव त्या दिवशी पडलं. मी उलटी? माझं एकही चाक, एकही स्क्रू उलटा नव्हता. मला उलटं करून ठेवणारे हसत होते आणि उलटी म्हणत होते मला! आणि ही कसली विभागणी? मागे जायला तीन गिअर, पुढे जायला एक! मी शहाण्या कारखान्यात याच्या बरोबर विरुद्ध शिकून आले होते.

रंगरावांचा चेहरा पडला. गिअरपेटी उघडून आतलं मोठं दातेरी चाक पलटावं म्हणून त्यांनी खटपट केली, पण माझ्या पेटीत ते पलटायला जागाच नव्हती. लग्न तर बुद्ध पौर्णिमेला, अगदी तोंडावर आलेलं. तेव्हा एक शहाणा म्हणाला, "किसनभाऊ, उलटीच ने नं बे. मान मांगं करायची अन् चालवायची. तीन गेर भेटतीन."

"माय गाडीत बसंन," किसनराव म्हणाले, "अन् मी तिले मांगं मांगं नेऊ? एका गेरनं नेईन. पायी चालल्यावानी नेईन. पण तोंड पुढंच राहीन."

मी त्याच क्षणी ठरवलं, या माणसासाठी वाटेत बंद पडायचं नाही.

पौर्णिमेला आम्ही पहाटेच निघालो. मला पांढऱ्या फुलांच्या माळा घातल्या होत्या आणि पुढे पंचशील झेंडा लावला होता. मागच्या गादीवर पांढऱ्या कपड्यातले भाऊराव आणि शेजारी जनकाबाई. वऱ्हाडी मंडळी बैलगाड्यांतून निघाली होती, आणि काय सांगू, बैलगाड्या माझ्या पुढे निघून जात होत्या! एका गाडीवानाने चालता चालता विचारलंसुद्धा, "वढू का?" मी दातओठ खाल्ले आणि चालत राहिले.

ऊन चांगलं तापलं तेव्हा आम्ही नवरीच्या गावाच्या वेशीशी पोचलो. तिथे रस्ता फुटत होता. डावीकडे नाल्याची वाट, आणि समोर मधला रस्ता, जो चौकातून पलीकडच्या वस्तीवर, मांडवात जात होता. समोरच्या रस्त्यावर उकंडराव उभे होते. गावातलं वजनदार माणूस. त्यांच्या मागे आणखी काही जण हाताची घडी घालून.

"वरात नाल्याकून न्या," उकंडराव म्हणाले.

"काऊन?" भाऊराव मास्तर खिडकीतून म्हणाले. "रस्ता समद्यायचा आहे."

"तुमी शिकलेले लोक लय बोलता. इथून नाही जात तुमच्या वराती. किसन्या, गाडी मांगं घे बे. चांगल्या दिवशी वाद नको."

वऱ्हाडी गाड्यांवरून उतरून माझ्याभोवती जमू लागले. कोणाच्या हातात बैल हाकायची तुतारी, कोणाच्या हातात काठी. एक शब्द वेडावाकडा गेला असता तर लग्नाच्या दिवशी डोकी फुटली असती. किसनरावांनी आरशातून आईकडे पाहिलं. जनकाबाई समोर पाहत होत्या. त्यांनी माझी गादी मुठीत धरली होती, ती पकड मला जाणवत होती. मागे जायला माझ्याकडे तीन तीन गिअर होते. त्यातला कोणताही टाकला असता तर मी त्यांना सुसाट नाल्याकडे नेलं असतं.

"बरं भाऊ," किसनराव म्हणाले. "घेतो मांगं."

आमच्याच माणसांतून संतापाचा आवाज उठला. मी तर विझायच्याच बेतात होते.

गर्दीत त्याच गावचे शंकरराव उभे होते. ते सरकारी मोटारीवर ड्रायव्हर होते. किसनरावांनी त्यांना हाक मारली. "शंकरभाऊ, तुमी जाणते. इकडं पाहा जरा. हे पट्टी पाहा, अन् हा दांडा पाहा. मांगचाच गेर टाकला नं म्या?"

शंकररावांनी खिडकीतून डोकं घालून पितळी पट्टी पाहिली. "हाव. मांगचाच आहे."

"झालं तं मंग."

आणि मी निघाले. पुढे.

"अबे, मांगं म्हटलं नं!" उकंडराव ओरडले.

"मांगचाच गेर आहे भाऊ! शंकरभाऊले पुसा!"

"हाव नं," शंकरराव गोंधळून म्हणाले, "गेर तं मांगचाच आहे."

"मंग पुढं काऊन येऊन राह्यली?"

"ते तिलेच पुसा!"

उकंडरावांनी माझ्या तोंडावर दोन्ही हात टेकले आणि मला रेटू लागले. मी कोणाला चिरडणारी मोटार नाही. माणसाच्या चालीपेक्षाही हळू जात होते. पण थांबत मात्र नव्हते. त्यामुळे झालं असं, की उकंडरावच पावलापावलाने मागे सरकू लागले. मी कण्हत पुढे, ते धोतर सावरत मागे. ओट्यावर बसलेली त्यांची म्हातारी आई, केसरबाई, खो खो हसत ओरडली, "उकंड्या, कायले झोंबून राह्यला रे तिले? पडशीन ना बाप्पा!" आणि सगळी गर्दी हसू लागली. त्यांच्या बाजूची आणि आमच्या बाजूचीही.

असे आम्ही चौकात येऊन पोचलो आणि किसनरावांनी मला उभं केलं. उकंडरावांना घाम फुटला होता. त्यांनी हात काढले, लोकांकडे पाहिलं आणि तेही कसंबसं हसले. "जाऊ द्या," ते म्हणाले. "गाडीच उलटी आहे. चुकून आली. मशीनची चूक आहे, या लोकाईची नाही."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वाद मिटला, मान राहिला, वरातही पुढे निघणार. किसनरावही मान डोलवत दांड्याकडे हात नेत होते.

"थांब," जनकाबाई म्हणाल्या.

"माय, आता कायले..."

"थांब म्हटलं."

त्या दार उघडून चौकाच्या मधोमध उतरल्या. त्यांच्या पायांत नव्या कोऱ्या वहाणा होत्या.

"उकंडा," त्या म्हणाल्या, "मी याच गावची लेक आहे. माया मालक इथून जाऊ शकला नाही. नाल्यानं गेला, वहाना हातात धरून. त्याच्या पायातले काटे मी माया हातानं काढले. आज गाडी चुकली नाही. मीच आली. मले याच रस्त्यानं यायचं होतं, म्हणून आली."

हसू थांबलं. गाडीची चूक माफ करणं उकंडरावांना सोपं होतं. या बाईला काय उत्तर द्यायचं?

केसरबाईच ओट्यावरून म्हणाल्या, आता न हसता, "उकंड्या, सर बाजूले. ऊन लागून राह्यलं तिले."

ते सरले. वाट दिली, पण तोंड फिरवून दिली, आणि तेही मी विसरलेले नाही.

जनकाबाई पुन्हा गाडीत बसल्या नाहीत. त्या माझ्या पुढे चालू लागल्या, वहाणा घालून, सावकाश, गुडघ्यावर हात ठेवत. त्यांच्यामागून मी माझ्या एकुलत्या एका गिअरवर निघाले. माझा वेग आणि त्या म्हातारीची चाल तंतोतंत जुळली. ज्या कूर्मगतीपायी मी वाटभर जळफळत आले होते, तिचं त्या रस्त्यावर मला काही वाटलं नाही. मांडवात वंदना झाली, भाऊराव आणि सिंधूताईंचं लग्न लागलं, आणि परतताना आम्ही त्याच रस्त्याने परतलो.

आता माझ्या रागाचं कारण सांगते. लोक ही गोष्ट अजून सांगतात. पारावर सांगतात, बाजारात सांगतात. मागचा गेर टाकला अन् गाडी पुढं गेली, उकंडराव कसे मागे मागे पळाले, असं सांगून मांड्या थोपटतात. आणि तिथेच थांबतात! जनकाबाई खाली उतरल्या, ते कोणी सांगत नाही. त्या काय बोलल्या, ते कोणाला आठवत नाही. जे बोलणं उकंडरावांनी लाज झाकायला शोधलं, तेवढंच उरलं आहे. गाडी उलटी होती, चुकून आली.

जनकाबाई आता नाहीत. माझं इंजिन किसनरावांनी काढून विहिरीवर बसवलं. पट्टा फुलीचा घातला आहे, म्हणून तिथे ते निमूट सरळ काम करतं, आणि रंगराव येता-जाता ते ऐटीत बघून जातात. माझ्यात आता फक्त सांगाडा आहे आणि पितळी पट्टी. तुम्ही मुलं येऊन माझ्या गादीवर उड्या मारता, चाक फिरवता, त्याचा मला राग नाही. जुन्या यंत्रांना वेळेवर तेल घाला, एवढं तर मी घाटातल्या त्या दिवसापासून सांगतेच आहे. पत्रा पुसा, नका पुसू, माझी तक्रार नाही.

पण खडू हातात घ्याल तेव्हा जरा थांबा. 'उलटी गाडी' हे नाव मला गल्लीने हसता हसता दिलं होतं. त्या चौकानंतर ते नुसतं हसण्याचं राहिलेलं नाही. आता तुम्ही ते लिहिता, तेव्हा एका म्हातारीला पुन्हा नाल्याच्या वाटेने पाठवता. काही लिहायचंच असेल तर लिहा, की या गाडीपुढून जनकाबाई चालत गेल्या.